संचालक क्रमांक दोन यांची वही

प्राप्तिकर खात्याच्या साहेबांनी माझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून जो फोटो टेबलावर ठेवला, तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला आलेला फोटो आहे. हे मी आजही म्हणतो. खंडेनवमीचा दिवस, सातपूरच्या कारखान्यातलं ड्रॉइंग ऑफिस, झेंडूच्या माळा घातलेला माझा ड्रॉइंग बोर्ड आणि त्याच्यापुढे आरतीचं ताट घेतलेला मी. अंगात कारखान्याचा निळा शर्ट, खिशावर कारखान्याचं चिन्ह, आणि फोटो काढणाऱ्यानं "एक, दोन..." म्हटल्यावर वेळेत आत ओढलेलं पोट.

"हे तुम्हीच ना?" साहेबांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. तिथं थांबायला हवं होतं. "चांगला आलाय," असंही म्हणालो.

शेजारी बसलेल्या आमच्या सीएनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. सुनावणी सुरू होऊन पाच मिनिटंही झाली नव्हती.

त्या फोटोनं माझं काम का जाणार होतं, हे सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा कारखान्यानं आम्हा ड्रॉइंगवाल्यांना एका खोलीत बोलावलं. चहाबरोबर बिस्किटं होती, म्हणजे बातमी वाईट आहे हे सगळ्यांना कळलं. बातमी अशी, की आम्ही नोकऱ्या सोडायच्या आणि आपापल्या प्रायव्हेट लिमिटेड कंपन्या काढायच्या. मग कारखाना तेच काम त्या कंपन्यांना देणार. मी पंधरा वर्षं फिक्श्चरची ड्रॉइंगं काढत होतो. फिक्श्चर म्हणजे मशीनवर लोखंडाचा तुकडा हलू नये म्हणून घट्ट धरून ठेवणारी चौकट. दुसऱ्याला जागेवर धरून ठेवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला त्या दिवशी स्वतःची जागा सोडायला सांगण्यात आलं.

एका माणसाची कंपनी तेव्हा कायद्यात बसत नव्हती. दोन माणसं लागायची. माझ्याकडे हाताशी असलेलं दुसरं माणूस म्हणजे बायको.

"मला काय करावं लागेल?" तिनं विचारलं.

"काही नाही गं. मी सांगीन तिथं सही करायची."

हे वाक्य मला पुढं फार महागात पडलं. बायको देवळाली कॅम्पात वाढलेली. तिचे वडील लष्कराच्या वर्कशॉपमध्ये ड्राफ्ट्समन होते आणि निवृत्तीनंतरही स्कूटरमध्ये पेट्रोल कधी, किती आणि कुणासमक्ष भरलं याची नोंद ठेवत. अशा घरातल्या मुलीला सीएनं सहज सांगितलं, "वहिनी, दर तीन महिन्यांनी संचालकांची मीटिंग व्हायला हवी, आणि तिचं इतिवृत्त हवं." ती घरी येताना दोनशे पानी वही घेऊनच आली.

झालं! दर तीन महिन्यांनी एका रविवारी, पोह्यांच्या बशा उचलल्यावर, आमच्या सिडकोतल्या स्वयंपाकघरात मीटिंग भरू लागली. तो समोर बसलेला माणूस नवरा आहे हे ती तेवढा वेळ विसरायची. मी संचालक क्रमांक एक, ती क्रमांक दोन. जे बोललं जाईल ते सगळं ती लिहायची. 'संचालक क्र. १ यांनी ओला कप ठरावाच्या कागदावर ठेवला. समज देण्यात आली.' किंवा 'पिंपळगावच्या द्राक्षवाल्यांकडून क्रेट वाहायच्या ट्रॉलीचं ड्रॉइंग काढायचं काम आलं आहे. संचालक क्र. १ यांचं मत : हे आपल्या लायकीचं नाही. संचालक क्र. २ यांचं मत : लायकी एकट्यानं ठरवायची नाही. काम घेण्यात आलं.'

मी हसायचो. माझ्या लेखी कंपनी ही फक्त कागदावर होती. बाकी सगळं तसंच. सकाळी कारखान्याच्या बसनं जायचं, तोच निळा शर्ट, तेच कँटीन, खिडकीजवळचा तोच बोर्ड. कारखान्यात खंडेनवमीला ज्याचं मशीन त्यानं पूजायचं अशी पद्धत. माझा बोर्ड दुसऱ्या कुणी पूजावा हे मला सहनच झालं नसतं. म्हणून कंपनी झाल्यावरही दरवर्षी हार घेऊन मी हजर. त्यातल्याच एका वर्षीचा तो फोटो कारखान्याच्या गृहपत्रिकेत छापून आला. खाली ओळ होती : 'आपल्या परिवाराचा उत्साह'. मी त्याच्या चार प्रती मागून आणल्या होत्या.

पाचवी प्रत साहेबांच्या टेबलावर होती.

मुद्दा सोपा होता. पगारदार माणसाच्या पगारातून कारखान्यानं पूर्ण कर कापायचा असतो. कंपनीच्या बिलातून मात्र थोडाच कापायचा, बाकी कर कंपनी आपला खर्च वजा करून भरते. खात्याचे लोक कारखान्यात तपासणीला आले, तेव्हा त्यांना दिसलं की कालपर्यंतचे नोकर आज कंपन्या होऊन त्याच खुर्च्यांवर बसलेत. त्यांचं म्हणणं, या कंपन्या नाहीतच. हा पगारच आहे, नुसते कपडे बदललेत. आणि आमच्या बाबतीत तर कपडेही बदललेले नव्हते.

परचेसच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून उभ्याउभ्याच सांगितलं, "हे बघा, तुमच्यापैकी ज्याला खातं नोकर ठरवील, त्याच्यामागचा कर आणि व्याज आम्हाला भरावं लागेल. तशा माणसाला आम्ही पुढच्या महिन्यापासून गेटच्या आत घेणार नाही. तुम्ही आमचे नाही, हे तुम्हीच सिद्ध करा."

"पण साहेब, मी तुमचाच आहे," मी म्हणालो.

"तेच तर सिद्ध करू नका म्हणतोय!"

पंचेचाळिशीला आलेल्या, फिक्श्चरशिवाय दुसरं काही न येणाऱ्या माणसाला त्या वेळी अंबड-सातपुरात कोण विचारणार होतं? नोकरी मी स्वतःच्या सहीनं सोडलेली. हे कामही गेलं की संपलं. मी घरी आलो. बायकोनं पाणी दिलं आणि विचारलं, "काय काय मागितलंय त्यांनी?"

करारपत्रं, बिलं, आणि मिनिट बुक, म्हणजे मीटिंगांच्या इतिवृत्ताची वही.

मी ती दोनशे पानी वही उघडली. मुखपृष्ठावर हळदकुंकू, कारण घरी खंडेनवमीला ती वहीची आणि कंपनीच्या रबरी शिक्क्याची पूजा करायची. आत ओला कप. आत द्राक्षांची ट्रॉली. आणि आत माझी कावीळ.

त्या काविळीबद्दल सांगायलाच हवं. आदल्या वर्षी मी सहा आठवडे अंथरुणावर होतो. कारखान्यात एका फिक्श्चरचं काम अर्ध्यावर. मी म्हटलं, थांबतील ते. बायको म्हणाली, करारात तारीख आहे, कंपनी आजारी नाहीये. तिनं कंपनीच्या लेटरहेडवर पत्र लिहिलं आणि माझ्याऐवजी वडिलांना पाठवलं. सत्तरीचे सासरे, लष्करी ब्लेझर घालून, रोज देवळाली कॅम्पाहून दोन बस बदलून सातपूरला. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं ड्रॉइंग बघितलं आणि सगळ्या ऑफिससमोर जाहीर केलं, "पिन उलट्या बाजूला आहे." होती, उलट्याच बाजूला होती! त्यांनी ती दुरुस्त केली, काम तारखेआधी दोन दिवस संपवलं आणि सगळ्यांना बूट पॉलिश कसं करावं हेही शिकवलं. मी बरा होऊन गेलो तर लोक मला विचारायचे, "सासरे पुन्हा कधी येणार?" अजून विचारतात.

तर ही वही खात्याच्या साहेबांपुढं ठेवायची? मी मेन रोडवरून पुठ्ठ्याचं बांधीव रजिस्टर आणलं आणि दोन दिवस बसून सगळ्या मीटिंगा नव्यानं, इंग्रजीत लिहून काढल्या. शाई वेगवेगळी दिसावी म्हणून तीन पेनं वापरली. ट्रॉली गाळली. कप गाळला. काविळीच्या तिमाहीत लिहिलं, की संचालक क्रमांक एक यांनी रोज कारखान्यात हजर राहून काम पूर्ण केलं. पिन उलटी होती हे इंग्रजीत लिहायची माझी छाती झाली नाही.

बायको भाजी निवडता निवडता बघत होती.

"अहो, ही नवी वही कशाला?"

"साहेबांना दाखवायला."

"म्हणजे खोटी."

"खोटी नाही गं. नीटनेटकी."

तिनं निवडून झालेली भाजी पुन्हा निवडायला घेतली. आमच्या घरात हे लक्षण चांगलं नसतं.

तर आता परत त्या टेबलाशी. साहेब बारीक अंगाचे, गळ्याला मफलर, आवाज इतका हळू की पुढं वाकून ऐकावं लागे. पुढं वाकल्यावर माणूस आपोआप गुन्हेगार दिसतो. आधीच शपथ घेऊन झाली होती. जबाब लिहून घ्यायला एक कारकून बाजूला. आम्ही तिघं ओळीत : सीए, मी आणि बायको, मांडीवर पर्स घेऊन.

"कारखान्यात किती वाजता जाता?"

"साडेआठला."

"साडेआठची वेळ कुणी ठरवली?"

इथं मी हुशारी केली. "कुणी नाही साहेब. बस तेव्हाच पोचते."

"कुणाची बस?"

सीएचा पाय आला. उशीर झाला होता. "कारखान्याची," मी म्हणालो. कारकुनानं लिहिलं.

"ड्रॉइंग बोर्ड कुणाचा?"

"माझा. म्हणजे कारखान्याचा. पण माझाच म्हणतात सगळे."

"जेवण?"

"कँटीनला."

"सुट्टी हवी असेल तर?"

"सुपरवायझरना सांगतो." खरं होतं ते. पंखा गरगरत होता आणि मला कारकुनाच्या पेनाचा आवाज ऐकू येत होता. प्रत्येक उत्तराबरोबर मी स्वतःच्या हातानं कारखान्याचं फाटक लोटून घेत होतो आणि ते मला दिसतही होतं. पण शपथेवर दुसरं काय सांगणार? बसचं सोडलं तर एकही उत्तर बदलता येण्यासारखं नव्हतं.

मग साहेबांनी माझं नीटनेटकं रजिस्टर ओढलं. सावकाश पानं उलटली. एका पानावर थांबले आणि ड्रॉवरमधून काही झेरॉक्स काढल्या.

"ही कारखान्याच्या गेटवरची नोंदवही. या सहा आठवड्यांत तुम्ही एकदाही आत गेलेला नाहीत. तुमचं मिनिट बुक म्हणतं, रोज हजर होतात." पेन्सिलीचं टोक त्यांनी एकदा झेरॉक्सवर टेकवलं, एकदा रजिस्टरवर. "यातलं एक खोटं आहे. कुठलं?"

गेटची वही खोटी म्हणावं, तर कारखान्यावर आळ. रजिस्टर खोटं म्हणावं, तर कंपनीच खोटी. सीएनं पाय ठेवायचंही सोडून दिलं होतं. मी छताकडे बघितलं. पंखा तसाच गरगरत होता.

"साहेब, मी बोलू का?" बायको म्हणाली. "मीपण संचालक आहे."

साहेबांनी पहिल्यांदा तिच्याकडं नीट पाहिलं. "हे रजिस्टर तुम्ही लिहिलंय?"

"नाही. ते यांनी मागच्या आठवड्यात लिहिलं. मी हे लिहिते." आणि पर्समधून तिनं ती हळदकुंकू लावलेली वही काढली.

मी टेबलाची कड धरली. त्या क्षणी मला वाटलं, लग्नाला वीस वर्षं झाली आणि ही बाई आज मला शपथेवर बुडवणार.

साहेब वाचू लागले. फार वेळ वाचत होते. ओल्या कपापाशी त्यांची भुवई वर गेलेली मला दिसली. मग त्यांनी मोठ्यानं वाचलं : "'संचालक क्र. १ यांना कावीळ. काम थांबवता येणार नाही. कंपनीतर्फे दुसरा ड्राफ्ट्समन पाठवण्यात यावा. संचालक क्र. १ यांचा विरोध. विरोधाचं कारण विचारलं असता संचालक भिंतीकडं तोंड करून झोपले.'" त्यांनी वर बघितलं. "कोण गेलं होतं?"

"माझे वडील. आर्मी वर्कशॉपमधून रिटायर झालेत, ड्राफ्ट्समनच."

"कारखान्यानं निवड केली त्यांची?"

"नाही. कंपनीनं पाठवलं. कारखान्याला पत्रानं कळवलं."

"आणि त्यांनी चालवून घेतलं?"

"चालवून घेतलं म्हणजे काय, साहेब! यांची पिन उलटी होती, ती पण त्यांनीच—"

"अगं, पुरे," मी पुटपुटलो.

"पुरे नाही," साहेब म्हणाले. "पैसे कुणी दिले त्यांना?"

"कंपनीनं. चेकनं. ही पावती." वहीच्या त्याच पानाला टाचणीनं लावलेली पावती तिनं दाखवली. सासऱ्यांनी रेव्हेन्यू स्टॅम्प लावून, त्यावर आडवी सही करून, मुलीला रीतसर दिलेली.

साहेबांनी पुन्हा झेरॉक्सवरून बोट फिरवायला सुरुवात केली. माझ्या नावावर नव्हे, खाली, पाहुण्यांच्या रकान्यात. एका जागी बोट थांबलं. सासऱ्यांचं अक्षर मला उलट्या बाजूनंही ओळखू आलं. मोठ्या छापील अक्षरांत नाव, हुद्दा, 'निवृत्त', येण्याची वेळ मिनिटासकट, आणि 'कुणाकडून' या रकान्यात आमच्या कंपनीचं पूर्ण नाव. सहा आठवडे, रोज.

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली.

"पगारदार माणूस आजारी पडला," ते हळूच म्हणाले, "तर तो रजेचा अर्ज देतो. सासऱ्यांना पाठवत नाही."

सीएनं इतक्या जोरात श्वास सोडला की झेरॉक्सचा कागद हलला. मग मात्र त्याला कंठ फुटला. काम करायला कोण जाणार हे कंपनी ठरवते, कारखान्याला माणूस नको तर काम हवं, पिंपळगावचं दुसरं गिऱ्हाईक आहे, असं सगळं तो बोलत सुटला. साहेब ऐकत होते आणि ट्रॉलीचं पान शोधत होते.

मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात त्यांनी माझं रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं.

"आता लिहा. हे केव्हा लिहिलं, कशासाठी लिहिलं. स्वतःच्या हातानं."

मी लिहिलं. शपथेवर, बायकोसमोर, की हे रजिस्टर मी मागच्या आठवड्यात लिहिलं, तीन पेनांनी लिहिलं, आणि माझ्या जागी सासरे गेले होते याची लाज वाटली म्हणून लिहिलं. 'लाज'ला इंग्रजीत काय लिहावं हे सुचेना. साहेबच म्हणाले, "मराठीत लिहा. चालेल."

निकालाला बरेच आठवडे लागले. त्या काळात मी कारखान्याच्या बसला हात करायचो आणि चालक थांबवावं की नाही या विचारात पुढं जाऊन थांबायचा. घरी पोस्टमन दिसला की मी आतल्या खोलीत जायचो आणि बायको दार उघडायची. शेवटी तो लिफाफा तिनंच उघडला, उभ्यानं वाचला आणि म्हणाली, "कंपनी आहे म्हणतात."

बसवर आणि कँटीनवर साहेबांनी दोन परिच्छेद ताशेरे ओढले होते. रजिस्टरवर एक. पण आमची कंपनी खरी ठरली. आम्हा ड्रॉइंगवाल्यांपैकी आणखी दोघांच्या कंपन्या मात्र ठरल्या नाहीत. ते आजारी पडले तेव्हा घरी झोपून राहिले होते आणि त्यांनी सुपरवायझरला चिठ्ठी पाठवली होती, कुणीही पाठवेल तशी. महिनाअखेर त्यांचं काम बंद झालं. त्यांच्याकडे माझ्यासारखे सासरे नव्हते, असं मी एकदा चारचौघांत गमतीनं बोललो. त्यानंतर पुन्हा बोललो नाही.

कारखान्यानं धडा घेतला. माझा निळा शर्ट धुऊन, इस्त्री करून परत मागवला. बस बंद, कँटीन बंद, बोर्ड घरी आणायचा किंवा स्वतःचा घ्यायचा. आत जायचं तर गेटवर पाहुण्यांच्या वहीत नाव लिहून, खिशाला बिल्ला लावून.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मला हे सगळं पाठ होतं. तरी सकाळी मी पंचवटीतून झेंडूचा हार घेतला आणि पाय सवयीनं सातपूरच्या गेटवर गेले. गेटवरचा रखवालदार पेठ तालुक्याकडचा, मला वीस वर्षं ओळखणारा. त्यानं माझ्या हातातला हार बघितला, मग वही बघितली.

"साहेब, आज पाव्हण्यांना आत सोडायचं नाय, असं हाय."

"माहीत आहे," मी म्हणालो. "नुसतं बघायला आलो."

"तुमच्या बोर्डाची पूजा त्यो नवा पोऱ्या करतोय. लय भारी सजवलाय." मग त्यालाच वाईट वाटलं. "हार द्या, मी चढवतो."

"नको," मी म्हणालो.

हार पिशवीत घालून घरी आलो. सासरे देवळालीहून आधीच येऊन बसले होते, ब्लेझर घालून. चौरंगावर शिक्का, माझा नवा घेतलेला बोर्ड आणि ती दोनशे पानी वही. सासऱ्यांनी बोर्ड तपासला, काही बोलले नाहीत, म्हणजे बरोबर होता. मी हार वहीला घातला. तो तिला फार मोठा झाला.

पूजा झाल्यावर बायकोनं हार बाजूला सारला, वही उघडली आणि आजची तारीख टाकून काहीतरी लिहिलं. ती आत गेल्यावर मी वाचलं.

'संचालक क्र. १ पूजेला पाऊण तास उशिरा आले. कारण विचारण्यात आलं नाही.'